पालकांना घेऊन ये

नाशिक,
९ फेब्रुवारी २०२५

तृप्ती,

नावाआधी काय लिहावं ते सुचेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं. तू माझा नंबर ब्लॉक केल्याला तीन वर्षं होत आली. हरसूलच्या शाळेत शिकवतेस एवढं कानावर होतं. पत्ता कार्यालयातून मागून घेतला.

कामाचंच लिहिते. आपली शाळा वसतिगृहातल्या आदिवासी मुलांना जास्त शिक्षा करते आणि नववीत आली की काढून टाकते, अशी तक्रार कुणीतरी शिक्षण विभागाकडे केली आहे. विभागाने पाच वर्षांची माहिती मागवली: कुणाला कशासाठी शेरा दिला, किती दिवस वर्गाबाहेर ठेवलं, कुणाला शाळा सोडल्याचा दाखला दिला. पिंगळे सरांनी मला बोलावून सांगितलं, "मॅडम, तुम्ही गणिताच्या. आकडे मांडा. आपण सगळ्यांना सारखं वागवतो हे कागदावर आलं की विषय संपला." सर मुख्याध्यापक म्हणून अजून तसेच आहेत. चहा अर्धा ठेवून उठतात, आणि कुणाचं वाईट व्हावं असं त्यांच्या मनात कधी नसतं.

तुला हसू येत असेल. हिरामणला नववीत काढलं तेव्हा तू स्टाफरूममध्ये निवेदन फिरवलंस आणि मी सही केली नाही. मी म्हटलं, एका मुलावरून अन्याय ठरत नाही, आकडे दाखव. तू म्हणालीस, "योगिनी, तुला मुलगा दिसत नाही, नमुना दिसतो." आणि त्याच महिन्यात राजीनामा देऊन गेलीस. खरं सांगू? मला अजूनही वाटतं की माझं म्हणणं चुकीचं नव्हतं.

एक विचारायचं होतं. आठवीपर्यंत कायद्याने कुणाला काढता येत नाही, म्हणून जे काही होतं ते नववीत होतं, हे कळलं. पण हिरामणसकट सगळ्यांच्या दाखल्यावर कारण एकच आहे, 'पालकांच्या विनंतीवरून'. हिरामणचे आईवडील शाळेत आल्याचं मला तरी आठवत नाही. ते आले होते का?

सध्या नववी ब मधल्या एका मुलीचंही असंच काहीतरी चालू आहे. वर्गशिक्षिकेने नियमाप्रमाणेच केलंय. पण मला ते नीट कळत नाहीये.

उत्तर दिलंस तर बरं वाटेल.

योगिनी

नाशिक,
१९ फेब्रुवारी

तृप्ती,

तुझं उत्तर नाही. येईल असं धरूनही चालले नव्हते. तरी लिहिते, कारण इथे कुणाशी बोलावं ते कळत नाही.

आकडे मांडले. आधी शेरे मोजले. शंभर मुलांमागे शहरातल्या मुलांना जितके, जवळजवळ तितकेच वसतिगृहातल्या मुलांना. उशीर, मोबाईल, मारामारी, एवढंच धरून. मला इतका आनंद झाला की मी तो कागद घेऊन तशीच सरांकडे गेले. सर म्हणाले, "बघा! मी म्हणत नव्हतो?" आम्ही दोघांनी चहा घेतला, आणि या वेळी सरांनी तो पूर्ण संपवला.

मग वर्गाबाहेरचे दिवस मोजले. शहरातलं मूल एका शेऱ्यामागे सरासरी एक दिवस बाहेर. वसतिगृहातलं आठ दिवस. मला वाटलं, बेरीज चुकली. पुन्हा केली. तेच आलं.

शिक्षा तीच, गुन्हा तोच, मग दिवस वेगळे कसे? मी सरळ नोंदी वाचत बसले. प्रत्येक नोंदीपुढे एकच वाक्य: 'पालकांना घेऊन ये, मग वर्गात बस.' शहरातल्या मुलाचे वडील संध्याकाळी गाडी काढून येतात. वसतिगृहातल्या मुलाचे वडील कुठल्या तरी तालुक्यात द्राक्षतोडणीला गेलेले असतात. त्यांना निरोप पोचायचा कधी, आणि ते यायचे कधी?

आता त्या नववी ब च्या मुलीचं सांगते. संजना भोये. तुमच्या हरसूलकडचीच. जानेवारीच्या शेवटी हर्षाली नावाच्या मुलीने शाळेत मोबाईल आणला. संजनाने तो मागून घेतला आणि जिन्याखाली उभी राहून आईला फोन लावत होती. दोघी सापडल्या. दोघींना एकच शिक्षा. हर्षालीचे वडील त्याच दिवशी आले, दुसऱ्या दिवशी ती वर्गात. संजनाच्या आईचा फोन लागेचना. चार दिवस ती वसतिगृहात बसून राहिली, पाचव्या दिवशी तशीच वर्गात येऊन बसली. त्याचा दुसरा शेरा, 'आज्ञाभंग'. पुन्हा बाहेर. मग गैरहजेरी वाढली म्हणून तिसरा. तीन शेरे झाले की दाखला, हे तुला माहीतच आहे.

म्हणजे गुन्हा एकच. बाकीचे दोन शिक्षेतून निघाले. आणि कागदावर ती तीन गुन्हे केलेली मुलगी आहे.

मागच्या पत्रात 'वर्गशिक्षिका' असं लिहिलं होतं. नववी ब ची वर्गशिक्षिका मी आहे. तिन्ही शेरे माझ्या अक्षरात आहेत. प्रत्येक वेळी मला वाटलं की मी बरोबरच करतेय, आणि तृप्ती, एकेक सुटा घेतला तर अजूनही वाटतं.

दहा तारखेपासून संजना वसतिगृहातही नाही. आई आजारी आहे म्हणून घरी गेली, असं तिथून सांगितलं. तिचे आईवडील विंचूरच्या पुढे एका बागेत कामाला आहेत. रविवारी जाऊन त्यांना भेटावं, त्यांची सही आणावी आणि तिला परत बसवावं असा विचार आहे. सरांना अजून विचारलेलं नाही.

योगिनी

ठक्कर बाजार स्टँड,
२३ फेब्रुवारी, दुपार

तृप्ती,

हे पत्र आणणारे पुंजाभाऊ भोये, संजनाचे वडील. कृपा करून त्यांना आत घे आणि ऐकून घे.

सकाळी मी स्कूटरवर बागेत गेले. संजनाची आई साळूबाई वेलीखाली उभी राहून घड कापत होती. मी म्हटलं, "संजना कुठेय? तिला भेटायला आलेय." ती कात्री हातात धरून माझ्याकडे बघतच राहिली.

"संजना? ती तं तुमच्यापाशी हाय ना, शाळंत?"

"ती घरी गेली, तुम्ही आजारी आहात म्हणून."

"मला काय झालंय? मी कुठं आजारी हाय? माझी पोर कुठं हाय, बाई?"

पुंजाभाऊ ओळीच्या दुसऱ्या टोकाकडून धावत आले. त्यांना मोबाईलचं, शेऱ्यांचं, कशाचंच काही माहीत नव्हतं. बागेत येताना त्यांचा फोन बिघडला, तो तसाच आहे. ते एवढंच म्हणाले, "आमाला कोन सांगनार? कुनी सांगितलं असतं तर आलो असतो. चालत आलो असतो."

तेरा दिवस झाले, ती कुठे आहे हे कुणालाच माहीत नाही. वसतिगृहाला वाटतंय ती घरी आहे, घरच्यांना वाटत होतं ती शाळेत आहे. मी वसतिगृहात फोन केला, त्यांनी पोलिसांत कळवतो म्हटलंय. मीही आत्ता तिकडेच जातेय. साळूबाई माझ्यासोबत आहेत.

पुंजाभाऊ म्हणतात, त्यांची बहीण हरसूलच्या अलीकडे एका पाड्यावर राहते, गेली तर तिकडेच जाईल. तिथे रेंज नाही. तुझ्या शाळेचा फोन रविवारमुळे कुणी उचलत नाही. तुला पाडे माहीत आहेत, माणसं ओळखतात. माझ्यावरचा राग नंतर. आधी तिला शोध. आणि कुठल्याही नंबरवरून मला फोन कर.

गाडी लागली.

योगिनी

नाशिक,
२ मार्च

तृप्ती,

त्या रात्री अनोळखी नंबर वाजला आणि तू नुसतं "सापडली. आत्याकडेच होती. ठीक आहे," म्हणून फोन ठेवलास. साळूबाई माझ्याच घरी होत्या. त्यांना सांगितलं तर त्या रडल्या नाहीत. ओट्याशी गेल्या आणि माझी भांडी घासायला लागल्या. मी नको नको म्हणत होते, त्या ऐकेनात. शेवटी मीही शेजारी उभी राहून विसळायला लागले.

तुझं चार ओळींचं पत्र गुरुवारी मिळालं. संजना परत यायला तयार नाही, शाळेने आपल्याला काढून टाकलं आहे असंच ती समजते, आत्याबरोबर बाजाराला जाऊन भाजी विकते, असं तू लिहिलंस. आणि शेवटी, 'आता झालं का तुझं समाधान? मिळाले का आकडे?'

हो, मिळाले. म्हणूनच पुढचं लिहावं की नाही यावर तीन दिवस घातले. मग वाटलं, लपवलं तर आपल्यात पुन्हा तेच होईल.

'पालकांना घेऊन ये' हा नियम तुझा आहे, तृप्ती.

आठव. पीटीच्या सरांनी एका मुलाच्या हातावर वळ उठवले, तेव्हा तू त्यांच्या हातातून छडी ओढून घेतलीस आणि सगळ्या स्टाफसमोर म्हणालीस, "यापुढे मारायचं नाही. आईबापांना बोलवायचं, समोर बसवायचं, बोलायचं." त्या दिवशी मला तुझा किती अभिमान वाटला होता! पुढच्या वर्षापासून तो नियम झाला. आणि वर्गाबाहेरचे हे दिवस त्याच नियमातून आलेत. छडीच्या काळातल्या नोंदी माझ्याकडे नाहीत, त्यामुळे तेव्हा कुणाला जास्त मार बसत होता ते मला सांगता येणार नाही. पण तेव्हा मार खाऊन मूल वर्गातच असायचं.

तुला दुखवायला हे लिहीत नाही. मला खरोखर कळत नाहीये की यात वाईट कोण आहे. तू नाहीस. पिंगळे सर नाहीत. हर्षालीचे वडील वेळेवर आले, त्यात त्यांचं काय चुकलं? वसतिगृहाच्या ताईंनी, आई आजारी आहे हा संजनाचा अर्ज खरा मानला. मी नियम पाळला. सगळे आपापल्या जागी बरोबर, आणि एक मुलगी तेरा दिवस गायब. कुणाला तरी दोष देता आला असता तर मी शांत झोपले असते.

परीक्षा एप्रिलमध्ये आहे. सरांशी बोलले. ते म्हणतात, "पालक आले, सही झाली, तर बसू देऊ. नियम मोडता येणार नाही." साळूबाई आणि पुंजाभाऊ कामावर परत गेले, आधीच त्यांचे खूप खाडे झालेत. प्रवेशाच्या अर्जावर 'स्थानिक पालक' अशी एक जागा असते. ती रिकामी आहे.

मी त्या शाळेची शिक्षिका, मला ती सही करता येत नाही.

योगिनी

नाशिक,
२२ मार्च

तृप्ती,

तू येशील असं वाटलं नव्हतं. परवा शाळेच्या फाटकातून तू आणि संजना आत येताना दिसलात, तेव्हा मी आठवीच्या वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी राहिले, मुलांना चेहरा दिसू नये म्हणून. तू मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर त्या लांब बाकावर बसलीस, जिथे आपण पालकांना बसवतो. माझ्याशी एकच वाक्य बोललीस, "प्यायला पाणी आहे का?" मी आणून दिलं. तू अर्धं पिऊन उरलेलं संजनाला दिलंस.

स्थानिक पालक म्हणून सही करून तू गेलीस. त्यानंतर बैठक झाली, ती तुला कळायला हवी.

मी दोन्ही तक्ते ठेवले. एक शेऱ्यांचा, एक दिवसांचा. पिंगळे सर पहिला कागद उचलून म्हणाले, "हा पाठवू. दुसऱ्याची त्यांनी मागणी केलीय का?"

"केलीय, सर. किती दिवस बाहेर ठेवलं, असं स्पष्ट विचारलंय."

"पण मॅडम, हे दिवस आपण दिलेले नाहीत. आपण फक्त पालक बोलवा म्हटलं. ते आले नाहीत."

"मूल मात्र तितके दिवस बाहेर होतं, सर. दोन्ही गेले तरच माझी सही. नाहीतर दुसऱ्या कुणाकडून करून घ्या."

मी असं बोलेन असं मलाही वाटलं नव्हतं. मग पीटीचे सर म्हणाले, "छडी बरी होती. दोन मिनिटांत विषय संपायचा, कुणाला घरी जावं लागत नव्हतं." कुणी हसलं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण तक्ता माझा होता. मी म्हटलं, "छडी नको." इतकंच. का नको, ते त्या आकड्यांतून सांगता येत नव्हतं.

शेवटी सर म्हणाले, "दोन्ही पाठवा." नंतर मला एकटीला थांबवून विचारलं, "मॅडम, तुम्ही हे सगळं बघितलंय. मला प्रामाणिकपणे सांगा, मी चुकलो कुठे? मी कुणाची जात बघून शेरा दिलेला नाही." त्यांचे डोळे भरले होते. मी म्हटलं, "मला माहीत नाही, सर." खरंच माहीत नाही.

जूनपासून नियम बदलणार. पालकांना फोन करायचा, लागला नाही तर निरोप ठेवायचा, पण मूल वर्गातच बसेल. आणि शिक्षेतून निघालेला शेरा मोजायचा नाही. संजनाचे दोन शेरे खोडले. पण हिरामणसारख्या आधी गेलेल्यांचं काय, हे विचारल्यावर सर म्हणाले, "ती मुलं आता कुठे असतील?"

नियमाबद्दल तू काहीच बोलली नाहीस. लिहिलेलं मिळालं ना?

योगिनी

नाशिक,
२७ जून

प्रिय तृप्ती,

या वेळी नावाआधी लिहिताना थांबले नाही, बघ.

तुझं पत्र सुट्टीत आलं. किती वेळा वाचलं ते विचारू नकोस. 'मला वाटलं होतं, आईबाप शाळेत आले की शाळा त्यांचीही होईल. ते आलेच नाहीत, आणि मी कधी विचारलं नाही की का येत नाहीत. मला शाळा सोडून जाणं सोपं वाटलं.' तू असं लिहिशील असं स्वप्नातही आलं नव्हतं. आणि हिरामण सापडत नाही, त्याच्या गावी दोनदा जाऊन आलीस, हेही वाचलं. त्याचे आईवडील कधीच शाळेत आले नव्हते, हे आता तुझ्या अक्षरात माझ्यापाशी आहे. मी ते विभागाला कळवलं. त्याचं पुढे काय होईल, सांगता येत नाही.

संजना नववी पास झाली. दहावी ब मध्ये आहे. गणितात बरी आहे, मराठीत जास्त चांगली. फारसं बोलत नाही. मी वर्गात गेले की माझ्याकडे बघत नाही, आणि त्याबद्दल मला काही म्हणायचा हक्क नाही.

आज जे झालं ते सांगायला हे पत्र.

काल मधल्या सुट्टीनंतर दीपक नावाचा मुलगा उशिरा वर्गात आला. मी त्याचं नाव लिहिलं, त्याच्या घरी फोन केला, वर्गात बसवलं. नव्या नियमाप्रमाणे. आज त्याच वेळी संजना उशिरा आली. दारात उभी. सगळा वर्ग माझ्याकडे बघतोय. माझ्या डोक्यात एकदम कात्री हातात धरून बघत राहिलेल्या साळूबाईंचा तो चेहरा आला. मी म्हटलं, "बस जागेवर." पेन उचललंच नाही.

दीपक उभा राहिला. उद्धटपणे नाही, खरंच न कळून. "मॅडम, काल माझं लिहिलं. तिचं का नाही?"

काय सांगणार होते मी? तुझ्या घरी फोन एका मिनिटात लागतो, तिच्या घरी लागत नाही? तुला एक शेरा म्हणजे एक शेरा, आणि तिला मागच्या वेळी काय झालं? ते वर्गासमोर सांगायचं तर तिच्यासमोर सांगावं लागणार. आणि नाही सांगितलं तर दीपकचं बरोबर, तृप्ती. पूर्ण बरोबर. इतके महिने मी सारखेपणाचा हिशोब करतेय आणि एका पोराच्या साध्या प्रश्नावर हजेरीपुस्तक चाळत उभी.

तेवढ्यात संजना बाकावरून उठली. मार्चपासून पहिल्यांदा तिने सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"माझं पन लिवा, मॅडम."

"संजना, अगं..."

"लिवा. मी उशिरा आले. आनी फोन लागतो आता, बापानं दुरुस्त केलाय."

मी लिहिलं. ती बसली, वही काढली आणि फळ्यावरचं उतरवून घ्यायला लागली. दीपकही बसला.

शाळा सुटल्यावर मी पुंजाभाऊंना फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. मी म्हटलं, संजना आज पाच मिनिटं उशिरा आली, एवढंच कळवायचं होतं. ते घाबरून गेले. "काडनार नाय ना तिला, बाई?" मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मला कळलं की माझ्या 'नाही'वर त्यांचा विश्वास बसत नाहीये, आणि तो बसावा असं काही माझ्याकडे नाही.

मी ते नाव लिहायला हवं होतं की नको, तृप्ती? तिने सांगितलं म्हणून लिहिलं, हे बरोबर का? उत्तर लिहू नकोस. रविवारी दुपारी मी हरसूलला येते.

योगिनी